मोरीच्या पाण्याचा हक्क

मी, कोकिळाबाई जीवराम देवरे, वय बहात्तर, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे निंबखेडे, तालुका शिरपूर, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, कोणाच्या धाकाने नव्हे, आणि दाराला आतून कडी लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शिरपूरच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखला देताना ते हसले. का हसले ते मी विचारले, पण त्यांनी सांगितले नाही. बुद्धी शाबूत नसती तर माझ्या परसातून काय जाते आणि दुसऱ्याच्या परसात काय उगवते, हे मला दिसले नसते.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात कोणी दुसरा कागद पुढे केला, तर तो खोटा समजावा आणि आणणाऱ्याचे नाव गावात सांगावे.

कलम १. घर. माझे यजमान कै. जीवराम यांच्या मागे माझ्या नावावर लागलेले राहते घर व त्यामागचे परस मुलगा समाधान यास मिळावे. समाधान जळगावला नोकरीला आहे, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला येतो. मनाने चांगला आहे, पण ऐकतो फार, आणि कोणाचे ऐकतो ते मला माहीत आहे. म्हणून अट अशी की परसात फरशी, सिमेंटचे ठोकळे किंवा गाडी लावण्यासाठी पत्र्याचे शेड यांपैकी काही करू नये. सूनबाई दिपमाला हिने गेल्या दिवाळीत परस पावलांनी मोजले. मी विचारले तर म्हणाली, नुसती फिरत होते. परसात नाकासमोर सरळ कोणी फिरत नाही.

कलम २. ठेव. बँकेतील माझी ठेव नातीच्या शिक्षणासाठी, थेट तिच्या नावावर. मध्ये कोणाचा हात नको.

कलम ३. अवजारे. खुरपी, विळा व पाण्याची झारी परसाबरोबर जातील. लोखंडी पहार भाऊबंदांपैकी सुकदेव वना देवरे, माजी पोलीस पाटील, यांना द्यावी. ती कित्येक वर्षे त्यांच्याकडेच आहे. मागायला गेले की चहा पाजतात आणि पहारीचा विषय निघत नाही. निदान माझ्या मागे तरी ती त्यांची व्हावी, म्हणजे मेल्यावर माझा जीव तिच्यात अडकायचा नाही.

कलम ४. मोरी. माझ्या घरच्या मोरीचे पाणी धाकटी जाऊ पुष्पाबाई हिच्या परसाच्या कडेकडेने नालीला जाते. ही वहिवाट सासऱ्यांच्या काळापासूनची आहे. वास येतो, डास होतात, असा अर्ज पुष्पाबाईने ग्रामपंचायतीत दिला होता. मी तो चालू दिला नाही. तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरते आहे. हा मोरीच्या पाण्याचा हक्क माझ्या मागे कोणीही, कोणाच्याही रडण्याला भुलून, सोडू नये.

कलम ५. साक्षीदार. वकील किरणभाऊ यांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये, पुढे वाद होतात. हे ऐकून मी दुसरी साक्षीदार म्हणून पुष्पाबाईचेच नाव खाली लिहून ठेवले आहे. आता तिला यातून सुईसुद्धा मिळायची नाही. किरणभाऊंनी हे मला आपणहून का सांगितले, तेही मी बघणार आहे.

कलम ६. बी. खरे मृत्युपत्र इथून सुरू होते, वरचे सगळे कोणीही लिहिले असते.

समाधान लहान असताना जामनेरला मामेबहिणीच्या लग्नाला गेले होते. तिथल्या बाजारात एका भाजीवालीच्या ढिगात एक टोमॅटो पाहिला. भाकरीच्या पिठाच्या गोळ्याएवढा, अंगावर खोल रेघा, देठाशी हिरवी झाक. मी तो एकच विकत घेतला आणि पदरात बांधून गावी आणला. एसटीत यजमान म्हणाले, लोक लग्नाहून भांडे आणतात, ही टमाटा आणते. हसू दिले.

पहिल्या वर्षी त्या एका फळाच्या बियांतून नाना तऱ्हा निघाल्या. लांबट, बारीक, तडकणारे. एकाच झाडाने आईचे तोंड घेतले होते, तेवढेच ठेवले. पुढे दरवर्षी तेच. पहिले फळ देवाला, दुसरे बियाला, बाकीचे घराला. बियाचे फळ झाडावरच लाल होऊन मऊ पडू द्यायचे. गर मातीच्या वाडग्यात दोन-तीन दिवस ठेवायचा, वर फेस येऊन वास सुटला की धुवायचा. तळाला बसते ते बी. वर तरंगते ते पोचट, ते पाण्याबरोबर मोरीत. तळचे बी जुन्या धोतराच्या फडक्यावर सावलीत वाळवून, चुलीच्या राखेत कालवून मडक्यात. अशी वर्षे गेली, आणि आता एका टोमॅटोत चार माणसांचे कालवण होते.

हे बी मी कोणाला दिले नाही. मागणारे पुष्कळ आले. शिरपूरला बियाण्याचे दुकान असलेले अखिलशेठ, दलिचंदशेठचे चिरंजीव, म्हणाले की घरी धरलेल्या बियाचा भरवसा नसतो, दरवर्षी पाकीट घ्यावे. मग ज्या बियाचा भरवसा नाही ते बघायला हा माणूस दोनदा गाडी करून का आला? दिपमालाने मोबाइलवर फोटो काढले. कोणाला पाठवले ते दाखव म्हटले तर म्हणाली, माहेरच्या ग्रुपवर. तिचे माहेर साक्रीला, भाऊ भाजीचा व्यापार करतो. मी एवढेच लिहून ठेवते.

म्हणून मी एक शिरस्ता पाळला. पिकलेला टोमॅटो माझ्या उंबऱ्याबाहेर गेला नाही. द्यायचा तर हिरवा, ज्याचे बी उगवत नाही, किंवा शिजवून. सगळ्या गावाला मी चटणी वाटली, दवाखान्यात, बाळंतिणींना, सुतकाच्या घरी. गाव म्हणते, कोकिळाअक्काचा हात मोठा. शिजलेले बी उगवत नाही, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

आणि एवढे करूनही गेल्या हिवाळ्यात पुष्पाबाईच्या परसात, भिंतीच्या कडेला, माझा टोमॅटो लागलेला मी डोळ्यांनी पाहिला. त्याच रेघा, तीच हिरवी झाक. मला रात्रंदिवस दुसरे सुचेना. देणारा घरातलाच हवा. समाधान? दिपमाला? की यजमानांनीच जाण्याआधी भावजयीला दिले? फोटोपुढे उदबत्ती लावताना मी त्यांनाही विचारले.

त्याच दिवशी मडक्यातले बी काढून चिंधीत बांधले आणि न्हाणीत तांब्याच्या बंबामागच्या कोनाड्यात ठेवले. रोज सकाळी बंब पेटतो, तिथे कोणी हात घालत नाही.

सदर बी मी अशा वारसास देते, ज्याने ते बाहेर दिलेले नाही हे सिद्ध होईल. सिद्ध न झाल्यास बी माझ्याबरोबर सरणावर ठेवावे.

येथपर्यंत आखाजीला लिहिले होते. पुढचे पावसाळा सरल्यावर लिहीत आहे. हात तोच आहे, शाई दुसरी आहे.

कलम ७. मृगात मी चिंधी सोडून वाफ्यात बी टाकले. आठवडा गेला, दुसरा गेला. एकही कोंब नाही. पुन्हा टाकले, तेही मातीत गेले. मी समाधानला फोन केला की कोणीतरी बंबामागचे बी बदलून भाजलेले बी ठेवले आहे, आणि आखाजीला घरात दिपमाला आली होती. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "आई, बंबामागे ठेवलं तर ते भाजणारच ना." मी फोन ठेवला. कोनाड्याच्या दगडाला हात लावून पाहिला, बंब विझून दोन तास झाले होते तरी दगड गरम होता. सगळे बी मी तिथेच ठेवले होते. मडक्यात चिमूटभरसुद्धा मागे नव्हते.

त्या दिवसांत मी जेवले नाही म्हटले तरी चालेल. मुलगा परगावी गेला तेव्हा इतके वाईट वाटले नव्हते. कोणाला सांगितले नाही, पण रिकामा वाफा भिंतीवरून दिसतोच.

चौथ्या-पाचव्या दिवशी पुष्पाबाई मागच्या दाराने आली. हातात पाटी, पाटीत मातीसकट काढलेली रोपे. मी उठलेच नाही. बसल्या जागेवरून म्हटले, चोरीचा माल परत करायला आलीस का. ती शांतपणे म्हणाली, "अक्का, मी तुनं बी चोरं नई. तुनी मोरीनं पानी मन्हा परसमा येस, त्यामा उगनं. मी फक्त उपटं नई."

म्हणजे मी ज्याला पोचट म्हणून फेकत होते, त्यातले काही पोचट नव्हते. कित्येक वर्षे ते मोरीतून तिच्याकडे जात होते, आणि ते पाणी तिच्या परसात सोडायचा हक्क मी पंचायतीत भांडून राखला होता. मला का सांगितले नाहीस, विचारले. म्हणाली, सांगितले असते तर तू भिंत ओलांडून येऊन उपटून टाकले असतेस. यात खोटे काही नव्हते. पाटी माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "ले, अक्का. बठ्ठं तुनंच शे." आणि गेली.

मी रोपे लावली. पण माझा स्वभाव मला माहीत आहे, तो लिहायला हरकत नाही. सगळं तुझंच म्हणते, तरी चांगले रोप मागे ठेवलेच असेल, म्हणून बाजेवर चढून भिंतीवरून पाहिले. मोरीच्या कडेला नुसते खड्डे होते. एकही रोप ठेवले नव्हते. मी तिथेच भिंतीला धरून रडले. खाली उतरताना बाज हलली, पडले असते तर वरची सगळी कलमे तशीच राहिली असती.

आता फळे पिकली आहेत. तेच तोंड, तीच चव, मी तपासून घेतले. पहिले देवाला दिले. दुसरे पदरात घेऊन पुढच्या दाराने पुष्पाबाईकडे गेले आणि तिच्या हातात ठेवले. न शिजवलेले.

कलम ८. कलम ६ मधील वारसाची अट मी रद्द करते. टोमॅटोचे बी, जेवढे असेल तेवढे, आणि ते धरण्याचा अधिकार धाकटी जाऊ पुष्पाबाई झुलाल देवरे हिला देते. तिने पुढे ते कोणाला द्यावे हे तिने ठरवावे. ती अखिलशेठला देईल असे मला राहून राहून वाटते, तरी मी अट घालत नाही.

परसाची अट कायम आहे. दिपमालाने फोटो खरोखर माहेरच्या ग्रुपवरच पाठवले होते, मी आता बघितले. तरी ठोकळे बसवू नयेत.

मोरीचा हक्कही कायम आहे. पाणी जसे जाते तसेच जाऊ द्यावे, आणि मोरीत साबणाची पावडर जपून वापरावी.

माझ्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीच्या जेवणाला, चटणी करू नये. हंगाम असेल तर आलेल्या प्रत्येकाला एक टोमॅटो द्यावा, पिकलेला, बियासकट.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला. खाली एका ठिकाणी खोडले आहे, ते माझ्याच हातचे आहे व जाणूनबुजून आहे.

ठिकाण: निंबखेडे, तालुका शिरपूर
दिनांक: २० ऑक्टोबर २०२४

सही: कोकिळाबाई जीवराम देवरे

साक्षीदार:

१. सुकदेव वना देवरे, माजी पोलीस पाटील. पहारीचे कलम काढले तरच तुम्हाला साक्षीदार करता येईल, असे मी त्यांना सांगितले. पहार ते सकाळीच घेऊन आले. कलम ३ मधील पहार आता समाधानची. (सही)

२. अखिल दलिचंद, बियाण्याचे दुकान, शिरपूर. साक्षीदार असल्याने यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. हे त्यांना सहीच्या आधी दोनदा वाचून दाखवले. (सही)

या दुसऱ्या जागी आधी पुष्पाबाईचे नाव होते. ते खोडले आहे. ती आता साक्षीदार होऊ शकत नाही, ती वारस आहे.