ऐकून घेण्याची कला

३ जुलै, सोमवार
डीननी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा तुमचा समाजशास्त्राचा तास म्हणजे मुलांची झोपेची सोय झाली आहे. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ते स्वतः मागच्या बाकावर बसणार. तास पटला तर ठीक, नाहीतर विषय व्हिडिओवर टाकायचा आणि मला हॉस्टेलचा रेक्टर करून तिथेच राहायला पाठवायचं.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एखादा डीन माझं लेक्चर ऐकायला येतोय. मोठा मान आहे. देवापुढे हात जोडले.

६ जुलै, गुरुवार
आजचा तास बरा झाला. मुलं मुडदे कापून, मग जेवून येतात. अंगाला फॉर्मालिनचा वास, डोळे जड. माझ्या गावच्या शाळेत एकाच खोलीत सगळे वर्ग बसायचे, पण गुरुजी बोलू लागले की माशी हलत नसे. इथे ‘कुटुंब ही संस्था’ फळ्यावर लिहून वळलो, तर तिसऱ्या रांगेतली जांभई विचारते, सर, हे किती मार्कांना? (मुलीचं नाव लक्षात राहत नाही. तोंड सदा उघडं, म्हणून जांभई.) मी म्हणालो, आयुष्यात शंभर मार्कांना. मागून कोणीतरी म्हणालं, मग ऑप्शनला टाकू.
वर्ग हसला. म्हणजे जागा होता.

संध्याकाळी जेवणानंतर नेहमीप्रमाणे सौ.ला पुढचं लेक्चर वाचून दाखवलं. विषय, ‘रुग्णाचं ऐकून घेण्याची कला’. ती सोफ्यावर माझ्या उजव्या हाताला, उजवा कान तळहातावर टेकवून बसते. अगदी तल्लीन. मध्ये शब्द नाही, शंका नाही, जांभई नाही. गेली काही वर्षं तिचं ऐकणं फारच खोल झालंय. पूर्वी चुळबुळ करायची. माणसाची वाढ होते.

७ जुलै, शुक्रवार
कल्पना सुचली. प्रार्थना करतानाच सुचली, म्हणजे वरूनच आली. वर्गात खरा रुग्ण आणायचा. मुलांनी त्याचं ऐकून घ्यायचं. डीन थक्क.

८ जुलै, शनिवार
वॉर्डच्या सिस्टरकडे रुग्ण मागितला. ती म्हणाली, सर, त्यांचे हाल काय कमी आहेत? माझ्या विषयाबद्दल इथे खालपर्यंत अज्ञान आहे.
ठरवलं, रुग्ण सौ. होईल. तशी ती घरीच असते. विचारलं तर काही बोलली नाही. मूकसंमती.

९ जुलै, रविवार
तिच्यासाठी भूमिका लिहिली. डोकेदुखीची बाई. खरं कारण सामाजिक, नवरा तिचं काही ऐकून घेत नाही. अशा नवऱ्याची कल्पना करणं मला फार जड गेलं. शेवटी मेहुण्यावरून घेतला.

११ जुलै, मंगळवार
तालीम. ‘माझं घरी कोणी ऐकत नाही’ हे वाक्य सौ. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणते. भावना नाही. मी म्हणून दाखवलं. माझेच डोळे भरून आले. ती म्हणाली, मग तुम्हीच व्हा ना पेशंट. मी तिला रुग्ण या संकल्पनेचा इतिहास थोडक्यात समजावला. तिने तळहातावर डोकं टेकवलं. शेवटी ती झोपली होती असं वाटलं, पण डोळे मिटून ऐकण्याचीही एक पद्धत असते.

१३ जुलै, गुरुवार
लिहायला उशीर झाला. मन शांत होऊ दिलं.
डीन आले. मी प्रस्तावना केली. ती जरा लांबली, कारण विषय मोठा. मग डीन मागून म्हणाले, अहो, बाईंना बोलू द्या.
मुलांमधून नेमकी जांभईच उठली. सौ.समोर खुर्ची ओढून बसली. सौ.ने डोकेदुखी सांगितली. जांभई म्हणाली, काकू, तुम्ही सारखी मान वळवून माझ्याकडे कान का करताय? सौ. गप्प. जांभईही गप्प बसली. एवढा वेळ कोणी गप्प बसावं, हे काही मी शिकवलेलं नाही. मग सौ. म्हणाली, डाव्या कानाने ऐकू येत नाही, चार वर्षं झाली.
हे भूमिकेत नव्हतं.
जांभईने ॲप्रनच्या खिशातून कान तपासायचा ट्यूनिंग फोर्क काढून वाजवला. दोन्ही कानांशी धरला, मग डाव्या कानामागच्या हाडावर टेकवला. म्हणाली, इथे ऐकू येतंय ना, मग कान बरा होण्यासारखा आहे. घरी सांगितलं नव्हतं का?
सौ. म्हणाली, एकदा सांगितलं होतं. तेव्हा ह्यांनी मला स्त्रियांचं आरोग्य आणि समाजरचना समजावून सांगितली.
मला ती चर्चा आठवते. चांगली झाली होती.
मग इलाज का नाही केला, काकू? सौ. माझ्याकडे बघून म्हणाली, संध्याकाळी उपयोगी पडतो. चांगला कान हातावर टेकवला की झालं.
वर्ग इतका हसला की शेजारून हाडांचे सर बघायला आले. डीन चष्मा काढून डोळे पुसत होते. एकही मूल झोपलं नव्हतं. माझ्या तासाला हे पहिल्यांदाच घडलं, याची नोंद व्हावी.
सौ.ने मात्र लिहिलेलं सोडून स्वतःचंच घुसडलं. घरी येताना तिला शिस्तीचं महत्त्व सांगितलं. ती माझ्या उजव्या बाजूने चालत होती.

१७ जुलै, सोमवार
निकाल लागला. तास पटला. विषय राहणार. डीन म्हणाले, असा जिवंत वर्ग या कॉलेजात कधी झाला नाही. मी मान खाली घालून आभार मानले. मग म्हणाले, वहिनींना दर गुरुवारी यायला सांगा, मानधन देऊ. वर्ग बालरोगाच्या मॅडम घेतील. त्या फारसं बोलत नाहीत.
मला हॉस्टेल. आजच जायचं.
विषय वाचला, माणूस गौण. गीता हेच सांगते, असं मी सौ.ला समजावू लागलो. ती माझी बॅग भरत होती. इतक्या भराभर तिला काम करताना मी पाहिलं नव्हतं.

२० जुलै, गुरुवार
रेक्टरची खोली जिन्याखाली आहे. मुलांना संध्याकाळी मेसमध्ये ‘ऐकून घेण्याची कला’ वाचून दाखवायला सुरुवात केली. मुलं ताटं उचलून टेरेसवर गेली. मोकळ्या हवेत जेवणं चांगलंच. आचारी थांबला होता. त्याला मेसला कुलूप लावायचं होतं.
जांभई आज कॉलेजच्या जिन्यात भेटली. म्हणाली, सर, आज काकूंनी काय धमाल केली. काय, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऐकत बसावं लागलं असतं.

२५ जुलै, मंगळवार
सौ.चा फोन. कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. आतलं एक इवलंसं हाड हलेनासं झालंय, छोटं ऑपरेशन आहे. मी म्हणालो, चार वर्षं नको होतं, मग आताच का? ती म्हणाली, आता संध्याकाळी घरात शांत असतं, ऐकू आलं तरी चालेल. शनिवारची तारीख घेतली आहे.
मला भरून आलं. म्हणालो, काळजी करू नकोस, रविवारी माझी सुट्टी असते, दिवसभर घरी येऊन तुझ्याजवळ बसेन, बोलेन.
बरं म्हणून तिने फोन ठेवला.
आत्ता पुन्हा फोन आला. ऑपरेशन सोमवारी आहे.