जखूबाईचा हात

॥ श्री ॥
रत्नागिरी,
४ जानेवारी २००४

ती. कुसुमआत्यास ऋजुताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. डोळ्यांत घालायच्या थेंबांनी तुला उतार पडतोय हे वाचून अण्णांनी देवापुढे साखर ठेवली, आणि दापोलीची थंडी अंगावर काढू नकोस असं तुला लिहायला सांगितलं. यंदा मोहर चांगला आहे, पण ते तसं कबूल करत नाहीत. बागवाल्याने मोहराचं कौतुक केलं की तुडतुडे येतात म्हणे.

एक बातमी आहे. आपल्या ‘समंध्यांचं बिऱ्हाड’ या मालिकेवर सिनेमा निघालाय आणि सोळा तारखेला तो आपल्याकडे लागतोय. आमच्या वाचनालयातल्या पेपरांच्या टेबलावर सध्या दुसरा विषय नाही. ब्रह्मराक्षस आजोबा सिनेमात चहाऐवजी कॉफी पितात असं कुठेतरी छापून आलं, तेव्हापासून दोन पेन्शनरांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. एकाचं म्हणणं, काळ बदलला. दुसऱ्याचं म्हणणं, भुतांना काळ नसतो.

मी मध्ये पडत नाही. मला बोलायचा हक्क किती, हेच समजत नाही. मी त्या मालिकेचा एकही भाग पाहिलेला नाही. सातव्या वर्षी सांध्यांचा ताप झाला, हृदयाला धोका नको म्हणून डॉक्टरांनी वर्षभर अंथरुणावरून उठू दिलं नाही, आई मुंबईच्या हॉस्पिटलात, आणि आपल्याकडे टीव्ही नाही. दर रविवारी तू आणि सलिलदादा शेजारच्या येसूबाईंच्या ओटीवर मालिका बघायला जायचात. परत आलीस की तू मला सगळा भाग सांगायचीस आणि मग त्यातल्या दहा ओळी शुद्धलेखन म्हणून घालायचीस. माझी शाळा तीच. तीन वह्या भरल्या. समंधराव नगरपालिकेत कारकून, त्यांची बायको जखूबाई स्वयंपाकघरात बसल्या बसल्या हात लांबवून रेशनच्या रांगेत पिशवी धरणारी, आणि मुलगा मुंजू. बघितल्याशिवाय इतकं पाठ असलेलं माझ्याजवळ दुसरं काही नाही.

वाचनालयातल्या सावनीबरोबर जाणार आहे. शेवटचा प्रसंग कसा दाखवतात याची धाकधूक आहे.

तुझी माया आहे तशी असू दे आणि उत्तराला फार दिवस लावू नकोस.

तुझी,
ऋजुता

॥ श्री ॥
दापोली,
१० जानेवारी २००४

चि. ऋजुता हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. संक्रांतीचा तिळगूळ आत्मारामच्या मुलीबरोबर पाठवते आहे. यंदा पाक थोडा पुढे गेला, तेव्हा दात सांभाळून खा.

सिनेमाला जाऊ नयेस असं मला वाटतं. लहानपणी आवडलेली गोष्ट पुन्हा बघायला जाणं म्हणजे जुन्या शाळेत जाऊन बाकावर बसण्यासारखं आहे. गुडघे मावत नाहीत. शिवाय तिथे गर्दी असेल आणि तुला धुराचा त्रास होतो.

त्या तीन वह्या अजून असतील तर मला पाठवून दे. इकडे रिकामपण आहे, चाळत बसेन. पोस्टाने नको, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती दे. सिनेमाच्या आधी पाठवल्यास तर बरं.

अण्णाला म्हणावं मोहराची दृष्ट काढ. तुम्हा दोघांची आठवण काढत असते, हे धरून चालावं.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥
रत्नागिरी,
२१ जानेवारी २००४

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. अण्णांची दाढ शाबूत आहे.

तुझं ऐकलं नाही, सिनेमा पाहिला. कॉफीचं खरं निघालं. समंधराव परदेशात जाऊन गाणं म्हणतात. जखूबाईचा हात कॉम्प्युटरवर केलेला आहे आणि तो इतका गुळगुळीत, की त्या हाताने कधी कांदा चिरला असेल असं वाटत नाही. मिरकरवाड्यातली पोरं मागे शिट्ट्या मारत होती. हे सगळं मी सोसलं असतं.

पण शेवट बदलला आहे, आत्या. घरमालकीण चांगल्या मनाने जखूबाईच्या नावाने विधी करते, त्यामुळे तिला मुक्ती मिळते आणि तिला जावं लागतं, इथपर्यंत आपल्या वहीप्रमाणे आहे. ती रस्त्याला लागते आणि मुंजूने धरलेला तिचा हात खिडकीतून लांब लांब होत जातो. वहीत पुढे आहे की मुंजू हात सोडत नाही, विहिरीचा दोर ओढावा तसा ओढत राहतो, आणि जखूबाई परत येते आणि विचारते की भात लागला का रे. सिनेमात जखूबाई स्वतःच त्याची बोटं एकेक करून सोडवते आणि निघून जाते. कुठली आई असं करेल? मी उठून बाहेर आले. सावनीला वाटलं मला घेरी आली.

दोन दिवस विचार केला आणि पेपराला पत्र लिहिलं. सिनेमावर रोज पाच-सहा पत्रं येतात, पण सगळी कॉफीवर आणि धोतरावर. शेवटाबद्दल कोणीच बोलत नव्हतं. मूळ मालिकेत आई परत येते, १४ सप्टेंबर १९८६ चं शुद्धलेखन माझ्याजवळ आहे, ते निवृत्त मुख्याध्यापिका कुसुम शेवडे यांनी घातलेलं असल्याने त्यात चूक संभवत नाही, असं मी लिहिलं. काल छापून आलं. कात्रण सोबत आहे. टाकण्यापूर्वी वही तीनदा उघडून पाहिली. तुझं नाव घालण्याआधी तुला विचारायला हवं होतं, हे पेटीत टाकल्यावर सुचलं. वह्या पुरावा म्हणून लागतील, म्हणून पाठवत नाही.

रागावली असलीस तर पत्रातून रागव, गप्प राहू नकोस.

तुझी,
ऋजुता

ठाणे,
३ फेब्रुवारी २००४

चि. ऋजुता हीस सलिलदादाचे अनेक आशीर्वाद.

तू पेपरात नाव काढलंस हे इथपर्यंत पोचलं. भुतांची बाजू मांडणारी शेवड्यांच्या सात पिढ्यांत तू पहिलीच. गणपतीला मी परत निघालो तेव्हा एसटीच्या खिडकीचा गज धरून तू चालत राहिली होतीस आणि कंडक्टर ओरडला होता, आठवतं? तुझं पत्र वाचताना तसंच वाटलं. गाडी सुटली, बाई, गज सोडा.

थट्टा पुरे. लांज्याच्या हरिहर शेट्यांचं उत्तर तू वाचलंच असशील. त्यांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान आहे आणि शेवटचा भाग त्यांनी तेव्हा टेप करून ठेवलाय. सिनेमात एवढा शेवटच मुळाला धरून आहे, असं ते लिहितात. त्यापुढचं वाक्य मला लागलं. शेवडेबाईंचं शुद्धलेखन शुद्ध असेल, पण खरं नाही, असं काहीसं. चारचौघांत असं लिहायला नको होतं.

पण ऋजू, ते बरोबर आहेत. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि येसूबाईंच्या ओटीवर शेवटपर्यंत बसलो होतो. जखूबाई गेली. आत्या मध्येच उठून घरी गेली होती. मी आलो तेव्हा ती तुला लिहायला सांगत होती की मुंजूने हात ओढला. मी दारात थांबलो. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी विहिरीवर जाऊन बराच वेळ पाय धूत बसलो. नंतर कधी विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही. अठरा वर्षांत एकदा तरी तुला सांगायला हवं होतं, म्हणजे आज आत्याचं नाव चव्हाट्यावर आलं नसतं.

तिच्यावर चिडू नकोस. आई ऑगस्टात गेली होती आणि तुला अजून सांगितलेलं नव्हतं, एवढं लक्षात घे.

अण्णांना नमस्कार. माझ्यावर राग धरलास तरी चालेल, पत्र मात्र धाड.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
दापोली,
६ फेब्रुवारी २००४

चि. ऋजुता हीस अनेक आशीर्वाद.

तू काही विचारण्याआधी मीच लिहिते. आधी तुझं कात्रण घेऊन माझ्या जुन्या विद्यार्थिनी पेढे मागायला आल्या होत्या. नंतर लांज्याच्या गृहस्थांचं उत्तर आलं, तेव्हा कोणी आलं नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे.

त्या रविवारी येसूबाईंच्या ओटीवर वीसेक माणसं होती. जखूबाईने निघताना चुलीवर भात ठेवला, ती रस्त्याला लागली आणि मुंजूने धरलेला तिचा हात लांबत चालला, तिथे मी उठले. पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही आणि आजपर्यंत कोणाला विचारलं नाही. वहिनीला जाऊन पाच आठवडे झाले होते. ताप पुरता उतरेपर्यंत तुला सांगायचं नाही असं डॉक्टरांनी आणि अण्णाने ठरवलं होतं. ती मुंबईला आहे, बरी होते आहे, असं मी तुला रोज सांगत होते. घरी आले तर तू पेन्सिलीला टोक काढून वही उघडून बसली होतीस. मी सांगायला लागले आणि तोंडून ते निघालं. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडून मुलांना चुकीचं सांगितलं गेलंही असेल. माहीत असून खोटं मी एकदाच उतरवून दिलं, आणि तेही तुला.

एवढंच असतं तर मी पेपरवाल्यांचं मनावर घेतलं नसतं. दिवाळीनंतर तुला आईचं खरं सांगितलं, ते तुला आठवतं का? तू रडली नाहीस. शेवटी तिचा हात कोणी धरला होता, असं विचारलंस. मी म्हटलं, अण्णाने. तू म्हणालीस की अण्णांनी सोडला असेल, मी असते तर ओढलं असतं. मग पुढचं वर्षभर तू त्याच्याशी धड बोलली नाहीस. त्याला वाटलं, पोर आजाराने किरकिरी झाली. मला कारण माहीत होतं. मी वही घेऊन बसून तेव्हाच सांगायला हवं होतं की ही ओळ माझी आहे, ती खोडून टाक. धीर झाला नाही. पुढे तू बोलायला लागलीस आणि मी समजले की निभावलं. पण तू कोणाला निरोप द्यायला निघालीस की मला अजून ती ओळ दिसते.

पेपराला खुलासा पाठव. चूक माझी आहे असं माझ्या नावानिशी लिही.

तुझ्याकडे काही मागायचा माझा अधिकार राहिला नाही, तरी आशीर्वाद घ्यावेस.

आत्या

॥ श्री ॥
रत्नागिरी,
१६ फेब्रुवारी २००४

ती. कुसुमआत्यास शि. सा. न. वि. वि.

उत्तराला दहा दिवस लावले, क्षमा कर. आधी राग आला होता. मग त्याची लाज वाटली. मग कामं निघाली.

खुलासा पाठवला, पण छापला जाणार नाही. त्याच दिवशी पेपरात चौकट आली की या विषयावरचा पत्रव्यवहार संपादकांनी बंद केला आहे. मी कचेरीत जाऊन आले. तिथल्या गृहस्थांनी नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की भुतांवर पुष्कळ झालं, आता आंब्यावर पत्रं येतात. म्हणजे तुझ्यावरचा तो शब्द तसाच राहिला, आणि तो माझ्यामुळे आला. वाचनालयाच्या टेबलावर मी खुलाशाची प्रत चिकटवली आहे. तो माझ्या नावाने आहे. मालिका मी पाहिली नव्हती, ऐकली होती, आणि ऐकलेलं पाहिलेलं म्हणून छापलं, हा दोष माझा, असं लिहिलंय. तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं नाही, कारण ते खरं झालं नसतं. कॉफीवरून भांडलेले दोघे पेन्शनर ते वाचायला एकत्र उभे होते. एकमेकांशी बोलले मात्र नाहीत.

मग लांज्याला गेले. शेट्यांना वाटलं मी भांडायला आले. त्यांच्या बायकोने, गोदाताईंनी, ओले काजू पुढे ठेवले आणि माझ्यादेखत नवऱ्याला सुनावलं की शिक्षिकेचं नाव घेऊन असं लिहितात का. आता ते तुला पत्र लिहून माफी मागणार आहेत. मी त्यांना टेप लावायची विनंती केली. पंचवीस वर्षांची झाले, पहिल्यांदा जखूबाईला पाहिलं. आवाज तुझ्यासारखा नव्हता, त्याचंच जरा वाईट वाटलं.

घरी येऊन अण्णांना विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. ते पडवीत सुपारी कातरत होते, ते थांबले. म्हणाले की त्या दिवशी सकाळपासून ते आईचा हात धरून बसले होते. दुपारी आईने त्यांना सांगितलं की उपाशी आहात, खाली जाऊन चार घास खाऊन या. ते उठेनात, तेव्हा तिनेच हात सोडवून घेतला. ते वर आले तेव्हा ती गेली होती. एवढं सांगून त्यांनी पुन्हा सुपारी हातात घेतली. माझ्याने त्यांची क्षमा मागवली नाही. त्यांच्याजवळ बसून राहिले. सिनेमातून मी जिथे उठून आले, तू येसूबाईंकडून जिथे उठलीस, तिथेच आपण दोघींनी बसायला हवं होतं असं वाटतं.

तुझी ओळ मी खोडलेली नाही. तिसऱ्या वहीत शेवटी एक पान कोरं होतं. टेपवर जे पाहिलं तेवढंच त्यावर उतरवलंय, माझ्या पदरचा शब्द घातलेला नाही. तुझे डोळे दुखतात म्हणून मोठ्या अक्षरात काढलंय. सलिलदादा शनिवारी येतोय, तो सोमवारी दापोलीला येऊन वही तुझ्या हातात देईल. तो निघेल तेव्हा मी गज धरणार नाही असं ठरवलंय, जमेल का ते माहीत नाही. वही येईपर्यंत तुला थांबायला लागू नये म्हणून पान इथे लिहिते. तुलाही शेवट माहीत नाही.

जखूबाईने मुंजूची बोटं एकेक करून सोडवली. करंगळी राहिली होती, ती शेवटी सोडवली. हात रस्त्याने मागे मागे गेला आणि दिसेनासा झाला. मुंजू खिडकीशी उभा राहिला. चुलीवरचा भात लागायला आला होता. तेव्हा तो हात एकटाच खिडकीतून परत आला, त्याने पातेलं खाली उतरवलं आणि तो गेला. मुंजूने ताट घेतलं.

सिनेमात भाताचं काढून टाकलंय, असं शेट्यांनी सांगितलं. तू मात्र शेवट न बघताच भाताचं घातलं होतंस, तेवढं बरोबर निघालं. वही मिळाली की वाचून खाली पूर्वीसारखी लाल शाईने सही कर आणि दादाच्याच हाती परत पाठव.

तुझी,
ऋजुता