आठ खोल्यांचं नाक

आदरणीय वन्संना,

लांबूनच नमस्कार. वाकून केला असता, पण वाकलं की कपाळात धोंडा सरकल्यासारखं होतं, तेव्हा हा ताठ नमस्कारच गोड मानून घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? बरेच असाल असं धरून चालते, कारण मला माझंच पुष्कळ सांगायचंय.

तुम्हाला ठाऊकच आहे, डेअरीत मी एकोणीस वर्षं दूध हुंगते. (लोक हसतात. हसू देत, चहात दूध माझ्याच नाकाखालून गेलेलं घालतात.) सकाळी गाड्या लागल्या की एकेका कॅनचं झाकण उचलायचं, आतल्या बाजूचा वास घ्यायचा, चांगला असेल तर कॅन पुढे, आंबूस असेल तर खडूची फुली. दोन महिन्यांपूर्वी सर्दी झाली. ती गेली आणि जाताना वासही घेऊन गेली. आता हुंगणारीने हे कुणाला सांगायचं? मी गप्प राहिले आणि एक युक्ती काढली. झाकण उचलायचं, नाक खाली न्यायचं, पण बघायचं दूधवाल्याच्या तोंडाकडे. ज्याचं दूध आंबलंय तो जमिनीकडे बघतो. दीड महिना हे इतकं बिनचूक चाललं की मला वाटायला लागलं, नाक आपल्याला नुसतं चष्मा अडकवायला दिलंय.

मग तो मंगळवार आला. आमच्याकडे एक घुम्या म्हणून दूधवाला आहे, वर्षाकाठी चार शब्द बोलतो. तो खाली मान घालून उभा. मी त्याच्या सहाही कॅनवर फुल्या मारल्या. त्याच्यामागे गोडबोल्या, हसत हसत मुलांची चौकशी करणारा. त्याचे कॅन पुढे. तासाभरात अख्खी टाकी नासली. आणि घुम्या मोठ्या बाईंसमोर वर्षाचे सगळे शब्द एकदम बोलला, ‘मावशी, नवा बूट चावत होता हो, म्हणून खाली बघत होतो!’ मोठ्या बाईंनी (आमच्या वरच्या, मापात बोलणाऱ्या) माझ्या नाकाखाली दोन झाकणं धरली आणि विचारलं, ‘यातलं ताजं कुठलं?’ मी म्हटलं, दोन्ही ताजी. एकाला त्यांनी फिनेल चोळलं होतं. झालं. महिनाभर रजा. नाक बरं करून आले तर माझी जागा मला, नाहीतर मागे कॅन धुवायला. धुण्यात कमीपणा नाही, पण वन्सं, एकोणीस वर्षं जी बाई फुली मारत आली, तिने आता दुसरीने फुली मारलेले कॅन घासायचे?

तर गेले नाकाच्या डॉक्टरणीकडे. पोरगी आपल्या धाकटीएवढी. म्हटलं, ही काय बघणार? तिने एक बारीक नळी माझ्या नाकपुडीत सारली आणि समोरच्या टीव्हीवर माझं नाक आतून दिसायला लागलं. तुमचे बंधू सोबत होते, ते तेवढं बघून स्टुलावरून घसरले. त्यांना बाहेर बाकावर आडवं केलं आणि आम्ही दोघी निवांत बघत बसलो. वन्सं, काय ते बांधकाम! बाहेरून दिसतं ते नाक म्हणजे नुसतं दार. आत दोन्ही बाजूंना तीन तीन वळलेल्या फळ्या, एकीखाली एक. हवा त्यांच्यामधून गेली की गरम होते, ओली होते, मगच छातीत जाते. आणि दोन्ही नाकपुड्या पाळी लावून काम करतात, दर काही तासांनी एक आवळून विसावा घेते आणि दुसरी जास्त ओढते. आमच्या डेअरीत पाळ्या बदलताना रोज भांडण होतं. इथे जन्मभर ब्र नाही.

मग तिने मधोमध चिरलेलं प्लास्टिकचं डोकं काढलं आणि खोल्या दाखवल्या. सायनस म्हणतात त्या ह्या, रिकाम्या खोल्या. दोन गालांत, दोन कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये (त्या खोल्या कसल्या, मधमाशीचं पोळं), आणि दोन पार मागे, डोक्याच्या पोटात. आठ! आणि आम्ही चौघं दोन खोल्यांत राहतो. गालातल्या खोलीची मोरी मात्र वर, छताजवळ. मी म्हटलंच तिला, ‘कुठल्या गवंड्याने बांधली गं ही?’ ती हसली. म्हणाली, आत डोळ्यांना न दिसणारे केस आहेत, ते शेंबूड चढावर झाडत नेतात, रात्रंदिवस. चढावर झाडायचं, तेही सुट्टीशिवाय, आणि आपण त्यांच्या कामाला काय म्हणतो? शी!

वासाची जागा सगळ्यात वर, नखाएवढी. तिच्या डोक्यावर चाळणीसारखं हाड, त्या भोकांतून वास मेंदूत जातो. म्हणजे एकोणीस वर्षं डेअरी त्या नखाएवढ्या जागेने चालवली, आणि मी तिला कधी विचारलंसुद्धा नाही. आता तिच्या वाटेत मांस वाढलंय, सोललेल्या द्राक्षांसारखं. काढावं लागेल. शिवाय मधला पडदा वाकडा निघाला. (लग्नाच्या वेळी तुम्ही म्हणाला होता, पोरीचं नाक वाकडं आहे. पंचवीस वर्षं मनात धरलं होतं. टीव्हीवर बघितलं, तुमचंच खरं. आता सोडून दिलं.)

ऑपरेशनची मला भीती नाही. सगळं उत्तम होणार. इकडची काळजी नसावी.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. ऑपरेशन सोमवारी आहे. तुमच्या बंधूंना दवाखान्यात नेण्यात अर्थ नाही, तिथे दोन खाटा लागतील. तुम्हाला गुडघ्यांमुळे जमणार नसेल तर राहू द्या.

ता. क. राहू देऊ नका, रविवारीच या.

ता. क. एक कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, वाट मोकळी करून देते, वास परत येईलच असा शब्द देत नाही. घरातले सगळे माझं मन राखायला खोटं बोलतील. तुम्ही कधी राखलं नाहीत, म्हणून तुम्हीच हव्यात. येताना चांगला घमघमीत वास असलेलं काहीतरी फडक्यात बांधून आणा. काय आणलंय ते मला सांगू नका.