वेगळी बादली

मंगळवार, ११ मार्च

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. ते परत पाठवायचं तर पोस्टापर्यंत चालावं लागेल, आणि तुझे गुडघे मला माहीत आहेत. मी मजेत आहे. जेवण बेचव, पण वेळेवर. ताईला सांग, तिने विणलेली टोपी बोटीवर सगळ्यांच्या डोक्यावरून फिरून शेवटी आचाऱ्याने ढापली.

अक्षर वाकडंतिकडं आलं असेल, त्यावरून बोलू नकोस. ओळीखाली पुठ्ठा धरून लिहितेय.

"ती अमोनियावर चालणारी बोट सोड, नाहीतर या घरात पाय ठेवू नकोस," असं तू म्हणालीस. तो वायू माणसाला बघता बघता संपवतो, हे तू कुठेतरी ऐकलंस. खोटं नाही ते. पण बाबांच्या बोटीवरचं काळं तेल काय औषध होतं? सुट्टीवर आले की त्यांचे कपडे तू वेगळ्या बादलीत भिजवायचीस. पाणी डांबरासारखं व्हायचं. तोच धूर वर्षानुवर्षं त्यांच्या छातीत साठला, आणि शेवटी शेवटी ते घरात शिरण्याआधी दारातल्या पायरीवर दम खायला बसायचे. त्याची चौकशी करायला कुणी आलं? आणि तो धूर काय एकट्या बाबांनी घेतला? धक्क्यासमोरच्या अख्ख्या वस्तीने घेतला.

माझी मात्र चौकशी झाली. आता आडपडदा नको. गेल्या आठवड्यात इंजिनरूममध्ये गळती झाली. भोंगा वाजायच्या आधी मला वास आला. दूध करपायला लागलंय हे मागच्या खोलीतून ओळखणारं हे नाक तुझंच, मग तक्रार कसली! खाली दोघे मदतनीस होते, त्यांना वर पिटाळलं आणि व्हॉल्व्ह बंद केला. मास्क चढवायला मात्र उशीर झाला. छाती ठणठणीत आहे. डोळ्यांवर पट्टी आहे. हे पत्र हॉस्पिटलमधून लिहितेय. उद्या पट्टी काढतील. उजवा डोळा वाचला, डाव्याने जरा धूसर दिसेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

रडून झालं असेल तर पुढे वाच.

काल कंपनीचे साहेब आले. आवाज अगदी मधाळ. "तुम्ही फक्त सांगा, या इंधनावर काम करणं शक्य नाही. आम्ही लगेच जुन्या तेलावर जाऊ." म्हणजे माझे डोळे पुढे करून यांना मागे पळायचंय! असा संताप आला मला. म्हटलं, "साहेब, गळलं ते नळीच्या सांध्यातलं गॅस्केट. चीफ इंजिनियरसाहेब केव्हापासून बदला म्हणत होते. गॅस्केट बदला, नळ्यांना दुहेरी आवरण घाला. इंधन राहू दे, त्याला काळा धूर तरी नाही."

"आणि मग त्या बोटीवर जाणार कोण?"

"मी. पण आधी काम पुरं करा."

पट्टीमुळे त्यांचा चेहरा बघायचा राहिला, एवढंच दुःख.

मला भीती वाटते, आई. नुसती घंटा वाजली तरी मी उशाशी मास्क चाचपते. पण भीतीपोटी बाबांच्या धुरात परत जाणं मला जमणार नाही.

बोटीवर जाण्याआधी मी घरी येणार आहे. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, बाबा बसायचे तिथेच. कधीतरी तुला बाहेर यावंच लागेल. आलीस की माझी बॅग उघड, कपडे हुंगून बघ. वेगळी बादली लागणार नाही.

तुझं ऐकत नाही, तरी तुझीच,
धाकटी