वाटीतला केस

३ फेब्रुवारी
चुका होतील. शाळा सोडून दीड वर्ष झालं, आणि शुद्धलेखन तेव्हाही जमत नव्हतं. त्यात बाबांचा जुना फोन. एक अक्षर शोधायला किती वेळ! पण मला कुणाशी बोलता येत नाही. म्हणून इथे.
बाबांची बोट बुडून आज चाळीस दिवस. आजोबा रोज धक्क्यावर बसतात. जेवत नाहीत.

५ फेब्रुवारी
अंगात येणाऱ्या बाईंना बोलावलं. भाताची वाटी कापडात बांधून समुद्रात सोडली, बाबांना हाका मारल्या. वर काढल्यावर भातात केस निघाला तर बुडालेला माणूस घरी आला, असं असतं. दोनदा काढली — काही नाही. आजोबांचं तोंड बघवेना. तिसऱ्यांदा वाटी मी बांधली. माझाच एक केस टाकला.
"आला! आला गं पोरी!" आजोबा ओरडले.
घरी येऊन दोन वाट्या सूप प्यायले.

९ फेब्रुवारी
दिवसभर वाळवायचे माकूळ मासे चिरले. हात फुटलेत.

१३ फेब्रुवारी
जपानहून कागद आला. बाबा तिकडच्या किनाऱ्यावर सापडले! आजोबांनी सहीचा शिक्का मारला की तिकडे दहन करून अस्थी पाठवणार. कागदात लिहिलंय — 'जपान समुद्रात मृत्यू'. आम्ही त्याच समुद्राला पूर्व समुद्र म्हणतो.
आजोबा भडकले. "माझा मुलगा पूर्व समुद्रात गेला! असल्या कागदावर शिक्का? हात तोडून देईन!"
कागद घेऊन आलेला सरकारी ऑफिसातला माणूस म्हणाला, "आजोबा, ते तेच नाव छापतात. आम्हालाही चीड येते हो. पण पोरगा तिकडे शवागारात पडलाय."
"मग तो दुसरा कुणीतरी. माझा घरी आलाय. वाटीत केस होता की नाही? विचारा हिला!"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. हो म्हणून!!

१९ फेब्रुवारी
जपानवाले महिनाअखेरपर्यंत थांबतील. मग तिकडेच, बेवारस म्हणून. माझा शिक्का चालत नाही, मी सोळाची.
जेवताना सांगणार होते. तोंडातून आलं, "आजोबा, किमची वाढू?"

२६ फेब्रुवारी
सांगितलं. वाळत घातलेल्या माकुळांच्या आड उभी राहून. "केस माझा होता."
आजोबा माकूळ उलटत राहिले.

२७ फेब्रुवारी
कागदावर शिक्का आहे. समुद्राचं नाव खोडलेलं नाही.
"वीतभर केस होता तो, पोरी. तुझ्या बापाचे कायम बारीक कापलेले. मला दिसत नव्हतं होय? शिक्का मारला नव्हता, तोवर तो गेला नव्हता."
शेजारची कुत्री व्यायली. पाच पिल्लं.