मे महिन्यातला तुझा पाठ

आई, यंदाच्या मे महिन्यात मी साताऱ्याला होते. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, मुलांना वाचायला-लिहायला कसं शिकवायचं याचं, आणि ते देणाऱ्यांमध्ये माझं नाव होतं. तू हसली असतीस. तू गेलीस तेव्हा मी सांगलीला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मला वर्गात शिकवताना तू कधी पाहिलंच नाहीस. आता माझे केस तुझ्यापेक्षा जास्त पांढरे झालेत आणि लोक मला मार्गदर्शक म्हणतात. हॉलमध्ये पंखे गरगरत होते, पडद्यावर चित्रं दिसत होती, हजेरी मोबाईलवर लागत होती. चहा मात्र तसाच होता, तुझ्या वेळचा, गोडमिट्ट.

मी लहान असताना तू मला घेऊन अशाच प्रशिक्षणाला आली होतीस, ते आठवतं? बाबा मुंबईला होते, घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून मी. दहिवडीच्या स्टँडवर तू ट्रंक वर टपावर चढवून घेतलीस आणि पिठाचा डबा मात्र मांडीवर धरून बसलीस. साताऱ्यात एका मोठ्या शाळेत उतरलो. बाक भिंतीला लावून वर्गातच बायकांची राहायची सोय केलेली. व्हरांड्यात ओळीनं स्टोव्ह पेटायचे, आणि दुपारी सगळ्या जणी मांडीवर कात्र्या घेऊन जुन्या लग्नपत्रिका कापायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहून शब्दपट्ट्या करायच्या असत. मला कामच काम होतं. कापलेले गणपती गोळा करायचं.

प्रत्येकानं एक पाठ घेऊन दाखवायचा होता. समोर बसलेले शिक्षक म्हणजे पहिलीची मुलं, असं समजून गोष्ट सांगायची. मी खिडकीतून बघत होते. तू पदर खोचलास, फळ्यापाशी उभी राहिलीस, आणि आपल्या शाळेत सांगायचीस तशीच सुरुवात केलीस, "येक म्हातारी व्हती. तिला दिसत न्हवतं, पर ऐकायला लय यायचं." एवढ्यावरच मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मग त्याच्या शेजारचा. मग बायकांच्या रांगेतही. तू थांबलीस. पाठ बघणारे साहेब रागीट नव्हते, उलट समजावून बोलले, "बाई, आधी आपण शुद्ध बोलायला हवं. तरच मुलं शुद्ध लिहितील." तू म्हणालीस, "व्हय, सर." आणि जागेवर जाऊन बसलीस. गोष्ट तिथंच राहिली. त्या म्हातारीचं पुढं काय झालं हे फक्त मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस. तुझे कान लाल दिसत होते, पण ते स्टोव्हच्या धगीनं असतील असं मला वाटलं. थोड्या वेळानं तू माझ्याकडं न बघताच विचारलंस, "मी बोलती ते तुला कळतं न्हवं?"

"कळतं की."

"मग झालं."

जेवताना शेजारच्या स्टोव्हवरच्या वाईच्या बाई लोणच्याची बरणी घेऊन आल्या. त्याही हसल्या होत्या, मी पाहिलं होतं. मला वाटलं, तू लोणचं नको म्हणशील. तू ताट पुढं केलंस, खाल्लंस आणि म्हणालीस, "झ्याक झालंय वो. गूळ घातलाय का?" दोघी मग कैरीच्या फोडींवर बोलत बसलात. मला तुझा राग आला होता. तुला कुणाचा राग कसा येत नाही, याचा राग. पुढचे सगळे दिवस तू रोज पुढच्याच रांगेत बसलीस आणि सांगतील ते सगळं शिकून घेतलंस. परतताना एसटीत मी त्यावरून कुरकुरले तेव्हा म्हणालीस, "शिकीवलं ते चांगलंच शिकीवलं की गं. हसली ती माणसं. शिकवण्याचा काय दोष?"

त्याच एसटीत तू मला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलंस. साताऱ्याच्या स्टँडवर पेढे घेऊ की पुस्तक, असं विचारलं होतंस आणि मी पेढे म्हणाले होते, तरी तू पुस्तक घेतलंस. पुसेगावच्या पुढं रस्ता धुळीचा झाला. तू एका हातानं पदर नाकाला लावून वाचत होतीस. मला तेव्हा वाचायला येत होतं. पुस्तकात 'ती म्हणाली' असं छापलेलं आणि तुझ्या तोंडून 'ती म्हनली' येत होतं. पुस्तकात 'लवकर चल', तू 'बिगीनं चल' वाचत होतीस. कुठंही अडखळत नव्हतीस. डोळे एका भाषेत आणि तोंड दुसऱ्या, आणि मधे काही फट नाही. मला ती जादूच वाटली.

आणि मग जूनमधला तो दिवस. आपल्या शाळेत मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी होती, आदल्या वर्षभर तिनं तोंड उघडलं नव्हतं. मुलं तिला मुकी म्हणत. तू सगळ्यांना विचारत होतीस, सुट्टीत काय केलं. कोणी मामाच्या गावाला गेलेलं, कोणी विहिरीत पोहायला शिकलेलं. तिच्यापाशी आलीस आणि नुसती थांबलीस. खाली बसलीस, तिच्या उंचीला. बाकीची मुलं चुळबुळ करतायत, मला घरून आणलेल्या शेंगा आठवतायत, आणि तू तशीच बसलेली. शेवटी ती जमिनीकडं बघत म्हणाली, "आमची शेळी याली."

तू उठलीस आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंस, आमची शेळी याली. मी शिक्षिकेची मुलगी, मला शहाणपण जरा जास्तच. मी म्हणाले, "बाई, व्याली असं पाहिजे." शाळेत तुला बाईच म्हणायचं, हा तुझाच नियम. तू वळून माझ्याकडं बघितलंस. आवाज चढवला नाहीस. "शेळी तिची हाय. ती कशी याली ते तिला ठावं. तू खाली बस."

ती मुलगी फळ्यापर्यंत चालत आली. एका बोटानं त्या अक्षरांना हात लावत तिनं विचारलं, "ह्यात माझी शेळी कुटं हाय?" तू तिचं बोट धरून 'शेळी'वर ठेवलंस. तिनं ते बोट तिथून काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, आज शेळीचं काय लिहायचं, आणि मग आमच्या फळ्यावर कितीतरी दिवस शेळ्याच होत्या. काही पालक विचारायला आले, "आवं बाई, आमच्या पोरांना अक्षरं कवा शिकीवनार? शेळ्या घरी हायत की." तू त्यांना बसवून घेतलंस आणि त्या मुलीकडून फळा वाचून घेतलास.

यंदा साताऱ्यात हे सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी पाठ घेऊन दाखवायचे होते. नुकताच नोकरीला लागलेला एक मुलगा उठला. माण तालुक्यातला, आपल्याच बाजूचा, घरी अजून मेंढरं आहेत म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, हातात चित्रांचं पुस्तक. त्यानं पुस्तक मुलांसमोर धरावं तसं धरलं आणि सुरू केलं, "येक व्हती चिमनी. तिचं घर हुतं बोरीच्या झाडाव." मागून हसू आलं. आई, तेच हसू. इतक्या वर्षांत हसणारी माणसं बदलली, कपडे बदलले, पण हसू ओळखू आलं. तो थांबला, मानेवरचा घाम पुसला, "सॉरी मॅडम," म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून पुस्तकातलं जसंच्या तसं वाचायला लागला. शब्द न् शब्द बरोबर होता. चिमणी मात्र उडून गेली होती.

मी शुद्धच बोलते गं. सांगलीला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात ऐकून ऐकून घासून घेतलं तोंड. प्रशिक्षणात तर जास्तच जपून बोलते. पण मी उठले, त्याच्यापाशी गेले आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, आदी सांगत हुता तसंच सांगा की. बोरीच्या झाडाव घर, आन म्होरं काय झालं?"

 त्यानं माझ्याकडं बघितलं, मी थट्टा करतेय की काय म्हणून. मी जाऊन पहिलीतल्या पोरीसारखी पुढच्या बाकावर बसले, हनुवटीखाली हात घेऊन. मग त्यानं पुस्तक खाली ठेवलं आणि सांगितली गोष्ट. बोरीचे काटे, वारं, चिमणीची पिल्लं, सगळं आलं. मागच्या बाकावरचे गृहस्थसुद्धा शेवटी म्हणाले, "आन पिल्लं? पिल्लांचं काय झालं?"

मग महाबळेश्वरकडच्या एक बाई उठल्या. त्यांचा प्रश्न खरा होता. "मॅडम, हे छान आहे. पण पुस्तकातली भाषा कधी शिकवायची? मुलं पेपरात 'हाय' लिहून आली तर?" त्यांना मी शेळीची गोष्ट सांगितली. दिवाळीनंतर फळ्यावर 'आमची शेळी याली'च्या खाली 'आमची शेळी व्याली' असं लिहून मुलांना दोन्हीत काय वेगळं आहे ते शोधायला लावलेलं, तेही सांगितलं. त्या मुलीनंच कसं शोधलं आणि म्हणाली, "घरातली याली, पुस्तकातली व्याली." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. पटलं की नाही कोण जाणे, पण लिहून घेतलं.

काल त्या माणच्या शिक्षकाकडून मोबाईलवर फोटो आला. त्याच्या शाळेचा फळा. वर लिहिलंय, 'माझा बा ममईला गेलाय.' खाली त्यानं मला लिहिलं होतं की हे सांगणारा पोरगा शाळा सुरू झाल्यापासून पहिल्यांदा बोलला, आणि आता 'बा' कुठं लिहिलाय ते सगळ्यांना दाखवत फिरतोय. तो फोटो बघितल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटत होतं, म्हणून आज बसले. हे कुठं पाठवायचं नाही, लिहून झालं की घडी करून कपाटात ठेवीन.

एक राहिलं. हॉलमध्ये शेळीची गोष्ट सांगताना मी 'आमच्या भागात एक बाई होत्या' एवढंच म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत महाबळेश्वरच्या बाईंनी विचारलंसुद्धा, "त्या बाई अजून आहेत का हो?" मी "नाहीत" म्हणाले आणि ताक आणायला उठले. नाव घेतलं तर रडू येईल म्हणून टाळलं, असं त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. खरं एवढंच, की ती माझी आई होती असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि मला भीती वाटली, कुणी तुला परत हसलं तर.