बाटली क्र. ४१७ नष्ट न करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय

विषय : माझ्या मृत बहिणीच्या रक्तवाहिनीची फेरतपासणी.
संदर्भ : माझा मागील अर्ज, जो फिरून माझ्याच टेबलावर आला.

महोदय,

मी आपल्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षे तंत्रज्ञ आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात गुठळी विरघळवणारे प्रथिन असते. ते कुठे किती आहे, हे काचपट्टीवर रंग चढवून दाखवणे हे माझे काम.

१. आईमागे मला वाढवणारी माझी ताई सकाळी नऊ वाजता आपल्याकडे आली. पाय सुजलेला, धाप लागलेली. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन कपाटात होते. किल्ली मात्र भांडारपालांच्या खिशातून प्रशिक्षणाला गेली होती. ताई साडेचार तास बाकावर बसून होती. मला म्हणाली, "तू जा रे, तुझं काम खोळंबेल." मी गेलो. दीड वाजता ती गेली.

२. चौकशी समिती म्हणते, मृत महिलेच्या अस्तरात सदर प्रथिन नगण्य होते, सबब मृत्यू प्रकृतिदोषाने झाला. म्हणजे किल्ली निर्दोष सुटली आणि खापर ताईच्या माथी.

३. हे प्रथिन बारीक शिरांच्या अस्तरात भरपूर असते, मोठ्या धमनीत जेमतेम. कोणाच्याही, आपल्याही. तपासली गेली ती मोठी धमनी.

४. हे मी अर्जात कळवले. कार्यालयाने तो अभिप्रायासाठी 'संबंधित तंत्रज्ञा'कडे, म्हणजे माझ्याकडे धाडला. मी लिहिले, "अर्जदाराचे म्हणणे रास्त आहे." त्यावर अर्जदाराशी संगनमत केल्याबद्दल माझ्याकडे खुलासा मागितला आहे. खुलासा असा की आमची ओळख जुनी आहे.

५. आता जे लिहायला हात धजत नव्हता ते. ती धमनी मीच निवडली. शवविच्छेदनातून आलेल्या बाटलीत दोन्ही तुकडे होते. बाटलीवर नाव नसते, क्रमांक असतो; ४१७ म्हणजे ताई, हे समितीचा अहवाल आल्यावर कळले. काप घेण्यासाठी तुकडा मेणात बसवतात; मोठी वाहिनी त्यात सरळ उभी राहते, झटकन कापून होते. बारीक शीर चुरगळते, अर्धा दिवस खाते. ताईला जाऊन आठवडा झाला होता, बाटल्यांचा ढीग साचला होता. काम खोळंबू नये म्हणून मी मोठी घेतली.

शिरेचा तुकडा अजून बाटलीत आहे. तीस तारखेला बाटली भट्टीत जाईल. खरे तर तो दुसऱ्या हाताने कापला जावा, पण दुसऱ्या तंत्रज्ञाचे पद सहा वर्षे रिकामे आहे. तरी तो मलाच कापू द्यावा. शिक्षा त्यानंतर खुशाल करावी. अर्धा दिवस लागेल. त्या दिवशी बाकीचे काम खोळंबेल.

आपला,
अर्जदार तथा संबंधित तंत्रज्ञ
दि. २६

सोबत : चुकीची काचपट्टी, एक.